सात मीटरवर किती टन?

दोह्यात चार मराठी घरं एकत्र जमली की जेवणाआधी एकमेकांच्या नोकऱ्यांची चौकशी होते. बँक, एअरपोर्ट, गॅस कंपनी, हॉस्पिटल अशी उत्तरं येतात. माझी पाळी आली की मी सांगते, "मी क्रेनवाल्यांना गणित शिकवते." मग कोणीतरी हमखास विचारतं, "म्हणजे तुम्हाला क्रेन चालवता येते?"

येत नाही. अल थुमामातल्या आमच्या इमारतीखाली मला साधी गाडीसुद्धा एका दमात पार्किंगमध्ये लावता येत नाही. पण कोणत्या क्रेननं कुठे उभं राहून किती वजन उचलावं, हे मी तक्त्यावरून अचूक सांगू शकते, आणि क्रेन उत्तम चालवणाऱ्यांना तो तक्ता वाचायला शिकवणं हे माझं काम आहे.

त्याआधी बरीच वर्षं मी इथल्या एका शाळेत अकरावी-बारावीला गणित शिकवत होते. कॅल्क्युलसच्या दाराशी जो पहिला धडा असतो तो माझा हातखंडा होता: फल, म्हणजे फंक्शन, म्हणजे काय, त्याचा प्रांत, त्याचा विस्तार, त्याचा आलेख. मुलं मराठी समजत, उत्तरं इंग्रजीत देत आणि मार्क चांगले मिळवत. पण "प्रांताबाहेर काय असतं?" असं एकाही मुलानं मला कधी विचारलं नाही. पुस्तकात तो प्रश्न नव्हता. शाळा सोडली तेव्हा मी समजत होते की हा धडा मला पाठ आहे. तो मला समजला इंडस्ट्रियल एरियातल्या एका प्रशिक्षण केंद्रात, वरच्या मजल्यावरच्या वर्गात. समोर हेल्मेटं बाकावर ठेवून बसलेली माणसं असत. उन्हाळ्यात दुपारी बाहेरची कामं बंद ठेवावी लागतात, त्या वेळात आमचे वर्ग भरतात. एसी जोरात चालू असतो, आणि पहाटेपासून उन्हात राबलेला माणूस गार हवेत बसला की पाचव्या मिनिटाला त्याची मान पडते. अशा माणसाला फल शिकवायचं.

आता आधी धंदा सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

क्रेनच्या अंगावर ५० टन लिहिलेलं असतं. लोकांना वाटतं ती कुठेही पन्नास टन उचलते. तसं नसतं. पाण्याचा भरलेला कॅन छातीशी धरून उभे राहा, मग तोच हात लांब करून धरा. फरक लगेच कळेल. क्रेनचंही तेच. ती ज्या मध्यावर फिरते तिथपासून ओझ्यापर्यंतचं आडवं अंतर, त्याला सगळे रेडियस म्हणतात, ते जितकं वाढेल तितकं उचलायचं वजन कमी होतं. क्रेन बनवणारी कंपनी याचा तक्ता देते. आमच्या शिकवण्याच्या तक्त्यात तीन मीटरला पन्नास टन होते, सहाला वीस, आठला तेरा, दहाला साडेनऊ. असं करत सोळा मीटरपर्यंत. पुढचे चौकोन रिकामे.

झालं, हेच फल. मीटर विचारायचे, टन मिळतात. एका अंतराला एकच उत्तर. जिथपर्यंत विचारता येतं, म्हणजे तीन ते सोळा मीटर, तो प्रांत. जी उत्तरं मिळू शकतात तो विस्तार. मी हे शब्द वर्गात एकदाच वापरले. नंतर आम्ही "कुठपर्यंत विचारायचं" आणि "काय काय मिळतं" असंच म्हणायचो.

माझा पहिला गाजलेला विद्यार्थी बालाजी. नांदेडकडचा, तिशीतला, तोंडानं फटकळ. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "अठरा मीटरचा चौकोन रिकामा आहे. याचा अर्थ काय?"

मागून कोणीतरी हिंदीत म्हणालं, "लिमिट नहीं है."

मी हादरले. त्या माणसाचं म्हणणं असं की वजनावर बंधन असतं तर कंपनीनं आकडा लिहिला नसता का? बाकीचे त्याच्यावर हसले आणि म्हणाले, "अरे, झीरो है, झीरो."

मी फळ्यावर शून्य काढलं आणि सांगितलं की हेही चूक. शून्य हे उत्तर आहे. 'इथे ये, पण काही उचलू नकोस' असं ते सांगतं. रिकामा चौकोन म्हणतो, इथे येऊच नकोस. बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, एवढी आडवी केली तर नुसत्या तिच्याच वजनानं क्रेन कलंडेल. तिथे प्रश्नच विचारायचा नाही.

बालाजीनं हात वर केला आणि मराठीत म्हणाला, "मॅडम, मंजे सासऱ्याला जमिनीचं इचारल्यावानी. उत्तर शून्य नसतंय, इचारायचंच नसतंय."

मला हसू आवरेना. बाकीच्यांसाठी त्यानं स्वतःच हिंदीत भाषांतर केलं, आणि त्या दिवसापासून रिकाम्या चौकोनाचं नाव आमच्या वर्गात 'ससुर' पडलं. आजही एखादी जुनी बॅच भेटली की सांगते, "मॅडम, ससुर याद है."

याच बालाजीनं पुढच्या तासाला उलटं टोक पकडलं. "सहाला वीस, तीनला पन्नास. जवळ आलं की वाढतंय. मग दोनला पंच्याहत्तर, एकला दीडशे. अन् क्रेननं सोताच्या डोक्यावरच उचललं तर जगातलं कायबी उचलंल की हो!" शून्याजवळ गेलं की उत्तर अनंताकडे जातं, हाच भाग मी अकरावीच्या मुलांना दोन तास शिकवायचे आणि एकाच्याही डोळ्यांत असा आनंद दिसला नव्हता. मी म्हटलं, "बूम तेवढी उभी होतच नाही, आणि दोरही तेवढा ताण घेत नाही. तीनच्या अलीकडेही ससुरच बसलाय." तो खट्टू झाला. पण परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झाला.

त्याच्याबरोबर जो नापास झाला तो अन्वरभाई. आणि खरं म्हणजे मला त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

अन्वरभाई दाभोळच्या बाजूचा. पन्नाशीला टेकलेला, दाढी बारीक कापलेली, शर्टाची वरची गुंडी नेहमी लावलेली. घरची होडी होती, पण त्यानं तरुणपणीच आखात धरलं. दोह्यातले निम्मे टॉवर आपल्या डोळ्यांदेखत वर आले असं तो म्हणायचा आणि ते खोटं नव्हतं. द पर्ल बेटावर काचेच्या भिंतीजवळ, वाऱ्याच्या दिवशी, त्यानं तुळया अशा अलगद ठेवल्या होत्या की त्याच्या कंपनीत ते किस्से अजून सांगतात. बालाजी त्याच्याच खोलीत राहायचा आणि क्रेन त्याच्याच हाताखाली शिकला होता.

पण परवान्याचं नूतनीकरण आता लेखी परीक्षेशिवाय होत नव्हतं, आणि अन्वरभाई दोनदा आपटला होता. तिसऱ्यांदा नापास झाला तर त्याला केबिनमधून उतरवून रिगर करणार, असं कंपनीनं सांगून टाकलं होतं. म्हणजे खाली उभं राहायचं आणि वर बसलेल्याला हातानं खुणा करायच्या. वर कोण बसणार? बालाजी.

"चाचा, काळजी करू नका," पास होऊनही चाचाबरोबर वर्गात येऊन बसणारा बालाजी त्याला म्हणाला. "मी तुमाला उन्हात उभं नाई करणार. सावली बघून उभं करीन."

"बाल्या, तुला लिवर धरायला कोणी शिकवलं?"

"तुमीच. म्हनून तर सावली देतो."

सगळे हसले. अन्वरभाईसुद्धा हसला, पण हेल्मेट उचलून बाहेर गेला तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला होता.

तो नापास का होत होता? गणित येत नव्हतं म्हणून नव्हे. ते फार चांगलं येत होतं म्हणून. तक्त्यात सहा मीटर आहे, आठ मीटर आहे. परीक्षेत विचारतात, सात मीटरवर किती टन? नियम असा की अंतर तक्त्यात नसेल तर पुढच्या, म्हणजे लांबच्या अंतराचा आकडा घ्यायचा. आठचा. म्हणून उत्तर तेरा. अन्वरभाई दोन्ही वेळा लिहून आला होता साडेसोळा. वीस आणि तेराच्या बरोबर मध्ये. त्यानं मनातल्या मनात त्रैराशिक मांडलं होतं. साडेसात मीटर विचारले असते तर त्यानं पावणेपंधरा लिहिले असते, तेही कागद न घेता. लहानपणी बंदरावर मासळीच्या हिशोबात तो मोठ्या माणसांना हरवायचा. हिशोब येणं ही त्याची शान होती.

"नियम कोनासाठी मॅडम?" तो मला म्हणाला. "ज्याला हिशोब येत नाय त्याच्यासाठी. मला येतो. मग मी सात मीटरला आठचा आकडा का लिहू? ती तर चोरी झाली, साडेतीन टनाची."

आमच्या केंद्राचे प्रमुख थॉमस सर केरळचे, सज्जन पण घाईचे. ते म्हणाले, "मॅडम, रूल बता दो. याद करेगा, लिखेगा, खलास." पण नियम त्याला पाठ होता. पण पटलेला नव्हता. परीक्षेत त्यानं तेरा लिहिले असते आणि साइटवर साडेसोळा उचलले असते, तर मी काय शिकवलं?

त्या रात्री जेवताना मी मुलीला हा घोळ सांगितला. ती आता इंजिनिअरिंगला आहे. तिनं फोनवरून मान वर न करता म्हटलं, "आई, ऑबव्हियसली. द कर्व्ह इज कॉन्व्हेक्स."

"बरोबर. हे अन्वरभाईंना सांग."

"हाऊ?"

या 'हाऊ'चाच मला पगार मिळतो.

दुसऱ्या दिवशी मी त्याच क्रेनचा बारीक तक्ता काढला, अर्ध्या अर्ध्या मीटरचा. तो कंपनी वेगळा देते. मधल्या ओळी कागदाच्या पट्टीनं झाकल्या आणि वर्ग संपल्यावर अन्वरभाईला बसवून घेतलं. बालाजीही रेंगाळला. त्याला गंमत बघायची होती.

"अन्वरभाई, झाकलेले आकडे तुमच्या हिशोबानं सांगा. मी पट्टी काढते."

"सातला साडेसोळा."

पट्टी काढली. पंधरा पूर्णांक सात.

तो पुढे वाकला. "छापायची चूक हाय."

"असेल. नऊला?"

"तेरा आणि साडेनऊचं मध्य. सव्वाअकरा."

पट्टीखाली अकरा.

"अकराला? चौदाला?" प्रत्येक वेळी त्याचा आकडा जास्त निघाला. कुठे पाऊण टनानं, कुठे पावानं, पण जास्तच. एकदाही कमी नाही. बालाजीनं तोंड उघडलं, अन्वरभाईनं त्याच्याकडे बघितलं, त्यानं तोंड मिटलं.

"कंपनी डरते," अन्वरभाई म्हणाला. "मुद्दाम कमी लिवते."

मग मी भिंतीवरचा थर्मोकोलचा बोर्ड काढून बाकावर उभा टेकवला. त्यावर बारीक तक्त्याचा आलेख मोठ्या कागदावर काढून चिकटवला होता. आडवे मीटर, उभे टन. रेघ डावीकडे उंचावरून धाडकन उतरते आणि उजवीकडे हळूहळू सपाट होत जाते. घसरगुंडीसारखी, पोट खाली सुटलेली; मुलीचं 'कॉन्व्हेक्स' ते हेच. सहाच्या जागी एक टाचणी लावली, आठच्या जागी एक, दहाच्या जागी एक. म्हटलं, "तुमचं त्रैराशिक म्हणजे या टाचणीपासून त्या टाचणीपर्यंत ताणून बांधलेला धागा. बांधा."

त्यानं बांधला. मासेमारांच्या घरातला हात, गाठ एका क्षणात बसली. धागा ताठ होता, आणि रेघ त्याच्या खाली होती. सगळीकडे खाली. धागा रेघेला फक्त टाचण्यांपाशी शिवत होता.

मग त्यानं गाठ सोडली, धागा किंचित सैल केला आणि पुन्हा बांधला. सैल धागा मधोमध झोळला आणि जवळजवळ रेघेवर जाऊन बसला.

"जाळ्याची दोरी अशीच झोळते," तो म्हणाला. "ताणून धरली तरच सरळ. सोडली की खाली." मग माझ्याकडे बघून, "पन किती झोळते ते दोरी बघितल्याबिगर कसं सांगायचं?"

इतकी वर्षं शिकवताना मी या प्रश्नाची वाट बघत होते, आणि तो असा आला.

"नाहीच सांगता येत," मी म्हटलं. "साइटवर तुमच्याकडे ही रेघ नसते. फक्त टाचण्या असतात. मध्ये दोरी किती झोळली आहे ते तुम्हाला दिसत नाही. मग खात्रीनं काय सांगू शकता?"

बालाजी हळूच म्हणाला, "चाचा, लांब गेलं की कमी होतंय. जवळ आलं की वाढतंय."

"ते मला ठावं हाय रे." आणि मग तो थांबला. बोटानं सहाची टाचणी, मग आठची टाचणी. "सात आठच्या अलीकडे. म्हणजे सातला आठपेक्षा कमी नसणार. आठला तेरा. सातला... निदान तेरा तर हायतच."

"आणि त्याहून जास्त?"

"असतील. किती ते माहीत नाय." मग एकदम त्यानं बाकावर हात आपटला. "मॅडम! मग ह्यो नियम पन हिशोबच हाय की! दोरी कितीबी झोळू दे, ह्यो खोटा पडत नाय!"

मी शाळेत ज्यांना पैकीच्या पैकी दिले त्यांतल्या किती मुलांना हे समजलं होतं, मला माहीत नाही. फळ्याजवळ उभं राहून मला टाळी वाजवावीशी वाटली. बालाजीनं वाजवली.

लेखी परीक्षा तो आरामात पास झाला. पण प्रात्यक्षिक बाकी होतं, आणि खरी कसोटी तिथे लागली.

प्रात्यक्षिक भल्या सकाळी होतं, आमच्या केंद्रामागच्या मैदानात. परीक्षक बाहेरचे होते. जॉर्डनचे, उंच, काळा चष्मा, फार कमी बोलणारे. केबिनमध्ये किती वजन चालेल ते दाखवणारा छोटा कॉम्प्युटर असतो, त्याच्यावर त्यांनी कागद चिकटवून टाकला. काँक्रीटच्या एका ब्लॉककडे बोट दाखवलं. हूक आणि पट्टे धरून चौदा टन. जमिनीवर चुन्यानं काढलेल्या गोलाकडे बोट दाखवलं. तो इथून उचलून तिथे ठेव. "यल्ला," म्हणजे चल, लाग कामाला.

मदतीला कंपनीनं बालाजीला पाठवलं होतं. मी आणि थॉमस सर कुंपणाबाहेर.

अन्वरभाई केबिनमधून खाली उतरला. त्यानं टेप मागितली. बालाजीनं क्रेनच्या मध्यापासून चुन्याच्या गोलापर्यंत टेप ओढली आणि ओरडला, "सात, चाचा! बरोबर सात!"

त्रैराशिकानं साडेसोळा. खऱ्या रेघेवर पंधरा पूर्णांक सात. म्हणजे क्रेन चौदा टन उचलणार होती, यात शंका नव्हती. हे मला माहीत होतं, परीक्षकांना माहीत होतं आणि आता अन्वरभाईलाही माहीत होतं. पण त्याच्या हातातल्या तक्त्यात सातचा आकडा नव्हता.

"नो, सर," तो म्हणाला.

परीक्षकांनी चष्मा काढला. "व्हाय नो? लिफ्ट."

"नो लिफ्ट. टेबल थर्टीन."

"इट विल लिफ्ट."

"येस सर, विल लिफ्ट. आय नो विल लिफ्ट. टेबल नो."

थॉमस सर माझ्या कानाशी पुटपुटले, "मॅडम, ये क्या कर रहा है? फेल करेगा वो." परीक्षक दोन पावलं पुढे आले. आवाज चढला. त्यांनी विचारलं की इतकी वर्षं काम केलंस, सात मीटरवर ही क्रेन किती उचलते हे तुला ठाऊक नाही?

त्या प्रश्नात काय मोह होता ते मलाच कळत होतं. बंदरावरचा तो हिशोबी मुलगा त्याच्या ओठांवर येऊन उभा होता. आकडा सांगायचा आणि मान ताठ करायची.

"थर्टीन मोअर," अन्वरभाई म्हणाला. "हाऊ मच मोअर, पेपर नॉट टेलिंग. आय नॉट टेलिंग." मग क्रेनकडे हात करून, "सर, परमिशन. क्रेन क्लोज."

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवून परवानगी दिली.

पुढचं काम मी शब्दांत नीट सांगू शकणार नाही. त्यानं क्रेनला आधार देणारे चारही पाय वर घेतले, ती पुढे आणली, पायांखाली पाट्या नव्यानं बसवून घेतल्या, पातळी तपासली. ब्लॉक आणि गोल दोन्ही सहा मीटरच्या आत आले. बालाजीकडून दोन्ही अंतरं पुन्हा मोजून घेतली आणि त्यातलं मोठं पाच पूर्णांक चार ऐकल्यावर, कोणी न विचारता, मोठ्यानं म्हणाला, "सहाचा आकडा. ट्वेंटी." मग केबिनमध्ये चढला. चौदा टनांचा ब्लॉक जमिनीवरून सुटला तेव्हा पट्टेसुद्धा हलले नाहीत. तो हवेत वळला आणि चुन्याच्या गोलात मधोमध टेकला. टेकल्याचा आवाज आला नाही.

परीक्षकांनी तिथेच सही केली. जाताना ते कुंपणाशी थांबले आणि मला म्हणाले की त्या दिवशी सकाळपासून जे आले त्यातले बाकी सगळे त्यांनी 'लिफ्ट' म्हटल्याबरोबर लिवरला हात घालत होते. "हू टीच हिम?"

मी म्हटलं, "आय डिड." गेली कित्येक वर्षं मी नम्रपणे 'टीमवर्क' म्हणत आले आहे. त्या दिवशी म्हटलं नाही.

थॉमस सर आनंदानं चहा सांगायला पळाले. बालाजी धावत क्रेनपाशी गेला आणि केबिनखाली उभा राहून ओरडला, "चाचा, उतरा खाली! पास झालात!"

अन्वरभाईनं काच सरकवली. उतरला नाही. ब्लॉक अजून गोलात होता, आणि पुढच्या उमेदवारासाठी तो पहिल्या जागी परत न्यायचा होता.

"उतरू कशाला?" तो वरून म्हणाला. "परीक्षा संपली, काम नाय संपलं. बाल्या, पुढं उभा ऱ्हा. आनि हात नीट दाखव, मला वरून दिसला पायजे."

बालाजी पुढे जाऊन उभा राहिला. त्यानं उजवा हात वर केला, तर्जनी आभाळाकडे धरली आणि 'उचला' अशा खुणेनं ती गोल फिरवायला लागला.